चादर धरणारा मालक

सहादू पगारेने डूख धरला तो दिवाळीनंतरच्या एका बुधवारी, न्हाव्याच्या खुर्चीत. साल अठ्ठ्याहत्तर. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालावर साबण होता, आणि हातातल्या पेपरच्या आतल्या पानावरून त्याची बायको त्याच्याकडे बघत होती.

फोटो चांगुणाचाच. त्र्याहत्तरच्या दुष्काळी कामावर खडी फोडताना कपाळावर हाताची सावली धरून तिने वर बघितलं होतं, तेव्हाचा. खाली छापलं होतं की नाशिकचे ज्येष्ठ छायाचित्रकार ढुंढिराज गर्गे यांच्या 'भूक' या छायाचित्राला दिल्लीच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. परीक्षकांच्या मते या स्त्रीच्या नजरेत अवघ्या व्यवस्थेला विचारलेला सवाल होता. सहादू अर्ध्या दाढीनिशी उठला आणि चालू लागला. न्हावी मागून ओरडत राहिला.

कारण तो फोटो सहादूने काढला होता.

ढुंढिराजाच्या मेनरोडवरच्या स्टुडिओत त्याने चौदा वर्षं डार्करूम सांभाळली. निगेटिव्ह धुवायच्या, प्रिंट काढायच्या आणि हायपोच्या, फोटो पक्का करायच्या औषधाच्या वासात भाकर खायची. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मालकाला दुष्काळाचे फोटो हवे होते. सहादूचं गाव सिन्नरकडचं, तिथे पाझर तलावाचं काम चालू होतं आणि कामावर त्याचीच बायको होती. नाशकात खोली घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून ती तेव्हा गावी सासऱ्याजवळ राहायची. मालक आणि सहादू मोठा लाकडी कॅमेरा घेऊन गेले. मालक काळ्या कापडाखाली शिरला की चांगुणा पदर ओढून मान खाली घालायची. परका बाप्या कापडात तोंड खुपसून आपल्याकडे बघतोय म्हटल्यावर कोणती बाई मान वर करील? शेवटी सहादू म्हणाला, "मालक, तुमी चादर धरा. मी कॅमेऱ्यावर जातो."

ऊन डोक्यावर आलं होतं. तोंडावर पडलेली सावली उजळायला बाजूने पांढरी चादर ताणून धरावी लागायची, आणि ते काम एरवी सहादूचं. त्या दिवशी ते ढुंढिराजाने केलं. सहादूने कॅमेऱ्याचा रबरी फुगा हातात घेतला आणि हाक मारली, "चांगुणा!" तिने वर बघितलं. त्याने फुगा दाबला.

त्या कॅमेऱ्याची फिल्म एका चपट्या पेटीत दोन्ही बाजूंना घालतात. एक बाजू झाली की पेटी उलटून लगेच दुसरीही घ्यायची, ही स्टुडिओची रीत. एक बिघडली तर दुसरी हाताशी राहते. दुसरीच्या वेळी वारा सुटला. चादर फडफडायला लागली आणि ती आवरता आवरता ढुंढिराज चांगुणाच्या खांद्याशी, थेट चौकटीत आला. दोन हातांत दोन टोकं, तिसरं टोक दातांत, टोपी कानावर. ती निगेटिव्ह बघून मालक म्हणाला होता, "ही फेकून दे." सहादूने फेकली नाही. फेकलेली निगेटिव्हच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी मागायला येतं, हे डार्करूमवाल्याला सांगावं लागत नाही. पहिली निगेटिव्ह मात्र मालकाच्या कपाटात गेली. पाच वर्षांनी, सहादू उन्हाळ्यात गावी गेलेला बघून, मालकाने ती स्वतःच्या हाताने छापली आणि दिल्लीला पाठवली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

"मालक, ह्यो फोटो मी काढलाय," सहादू स्टुडिओत शिरून म्हणाला. गालावरचा साबण वाळला होता.

ढुंढिराज पेढे वाटत होता. त्याने सहादूच्याही हातावर पेढा ठेवला. "फुगा कुणी दाबला याला फोटो काढणं म्हणत नाहीत रे. कॅमेरा माझा, फिल्म माझी, डोकं माझं."

"तुमी चादर धरली व्हती."

दुकानात दोनतीन गिऱ्हाइकं होती. ती हसली. ढुंढिराजालाही हसावं लागलं, आणि तेच त्याला झोंबलं. "असं? मग माझ्या मशीनशिवाय एक फोटो मोठा करून दाखव. पासपोर्टच्या वर जाऊन दाखव. मग बोलू आपण." आणि पुढच्याच वाक्यात त्याने सहादूला कामावरून काढून टाकलं.

मालकाच्या बोलण्यात दम होता. त्या आकाराची निगेटिव्ह मोठी करणारं यंत्र सहादूच्या माहितीत नाशकात एकच, आणि ते ढुंढिराजाचं. घरी जपून ठेवलेली ती दुसरी निगेटिव्ह थेट कागदावर दाबून सहादूने तिच्याच मापाची, तळहाताएवढी प्रिंट काढली आणि फोटोमंडळाचे चिटणीस वेणीमाधव यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "अहो, हा एवढासा माणूस. तोंडात चादर. हे ढुंढिराजपंत कशावरून? माझा मेहुणासुद्धा असू शकेल." प्रिंट परत खिशात घालताना सहादूने ठरवलं की दातांमधली फट दिसेल एवढा मोठा करीन मी तुला, ढुंढिराजा. त्याला पदक नको होतं, बक्षीसही नको होतं. चांगुणाचा तो फोटो सहादू पगारेने काढला, हे मेनरोडवरच्या माणसांनी ढुंढिराजाच्या तोंडावर म्हणायला हवं होतं.

मग सुरू झाला तो दोन वर्षांचा खटाटोप. सहादू नाशिकरोडच्या एका बारक्या दुकानात पासपोर्ट फोटो धुवायला लागला आणि उरलेला वेळ घरी मशीन बांधू लागला. घर द्वारकेजवळ, आग्रा रोडला लागून, दोन खोल्यांचं. चांगुणा आता नाशकातच होती. आतली खोली त्याने मागितली, तिने दिली. भद्रकालीतल्या भंगारवाल्याकडून त्याने एक मोडका लाकडी कॅमेरा आणला. भिंग शाबूत होतं, पण भिंगामागच्या घड्याघड्यांच्या भात्याला उंदरांनी भोकं पाडली होती. रिक्षाच्या हुडाचं काळं रेक्झिन आणून, जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या आत घालून चांगुणाने नवा भाता शिवला. घडी बरोबर पडेपर्यंत तिने तो तीनदा उसवला. तेलाचे दोन डबे कापून, जोडून, आतून पांढरे रंगवून दिव्याचं खोकं झालं. चार दोनशेचे बल्ब, पुढे दुधी काच. गरम हवा बाहेर जावी पण उजेड जाऊ नये, म्हणून पत्र्याची दोन वाकडी नळकांडी. मशीन मागे-पुढे सरकायला रूळ पाहिजे, तर सहादूने लोखंडी खाट मोडली.

"खाट बी?" चांगुणा म्हणाली.

"मालकाला जमिनीवर आणायचाय. तवर आपण झोपू जमिनीवर."

चांगुणाचा भाऊ गोरक्ष इगतपुरीला रेल्वेत होता. त्याने गार्डाच्या निकामी कंदिलाची लाल काच आणून दिली. तिचा डार्करूमचा दिवा झाला. फोटोचा कागद चाळीस इंच रुंद, तो बुडवायला तेवढी मोठी थाळी कुठून आणणार? सहादूने पावसाच्या पाण्याची पत्र्याची पन्हळ घेतली आणि तिची दोन्ही तोंडं बंद केली. कागद गुंडाळी करून तिच्यात पुढे-मागे फिरवायचा, म्हणजे साऱ्या कागदाला औषध लागतं. यंत्राला शोभा नव्हती. लग्नात बँडवाल्यांनी टाकून दिलेलं काहीतरी दिसावं तसं ते दिसायचं. पण बल्ब लावला की समोरच्या भिंतीवर दुष्काळाचं सगळं मैदान उलट्या रंगात उभं राहायचं. काळं आभाळ, पांढरे दगड.

पेपरात छापलेलं फोटोचं नाव सहादूने वाचून दाखवलं होतं, तेव्हा चांगुणा म्हणाली होती, "भूक? मी तं कामावर वाटलेली सुकडी खाऊन बसले व्हते." आणि एकदा, भाता शिवताना, "त्या फोटूचं नाव नका काढू माझ्यापुढं." सहादूला ते ऐकून बरं वाटलं होतं. आपल्याइतकीच तीही मालकावर जळते, असं त्याने धरलं. कशावरून, ते त्याने तिला विचारलं नाही. सूड घेणाऱ्या माणसाला आपल्या बाजूने कुणी आहे एवढं पुरतं, कशासाठी आहे हे त्याला नको असतं.

मुंबईहून आणलेल्या कागदाच्या गुंडाळीत तीनच फोटो निघणार होते. पहिला बिघडला तो आग्रा रोडमुळे. दुधी काचेतून उजेड मंद येतो, कागदावर तो आठ मिनिटं पडू द्यावा लागायचा, आणि आठ मिनिटांत तीस ट्रक घरावरून गेल्यासारखे जायचे. भिंत हलायची, रूळ हलायचे. ढुंढिराजाचं तोंड पिठल्यासारखं आलं. दुसरा बिघडला पन्हळीमुळे. पत्र्याच्या जस्ताने औषध नासलं आणि सगळ्या फोटोवर राखेसारखी पुटं चढली. सहादूने पन्हळीला आतून डांबरी रंगाचे दोन हात दिले, वाळवली, धुतली, पुन्हा धुतली. आता उरला शेवटचा तुकडा. ट्रकांना काय करणार? रात्री तर ट्रक दुप्पट.

ते काम केलं कांद्याने. ऐंशीच्या नोव्हेंबरात कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी रस्ते अडवले आणि आग्रा रोड ठप्प झाला. भर दुपारी रस्त्यावरून एक सायकल गेली तर तिची साखळी ऐकू यायची. शेजारी काळजीत होते की दूध येणार का, भाजी येणार का. सहादूला एवढंच सुचलं की कधी नव्हे ती भिंत गप उभी आहे. त्याने खिडकीला घोंगड्या ठोकल्या, चांगुणाला बाहेरच्या दाराशी बसवलं आणि आत कडी लावली.

फोकस करायला त्याने हातभिंग घेतलं. चांगुणाचा चेहरा मध्यभागी होता, पण सहादू तिथे थांबला नाही. तो सरळ कडेला गेला आणि भिंगातून ढुंढिराजाच्या दातांवर फोकस धरला. दात आणि दातांतली चादरीची शिवण धारदार झाली, तेव्हा त्याने लाल दिव्यात कागद भिंतीला टाचला आणि बल्ब लावले. आठ मिनिटं तो श्वास रोखल्यासारखा उभा होता. मग पन्हळीत गुंडाळी फिरवताना कागदावर पहिलं काळं उमटलं ते मालकाच्या टोपीचं. सहादू मोठ्याने हसला.

"जमलं का?" बाहेरून चांगुणा.

"जमलं! असला आलाय मालक, शेंबूड दिसंल त्याचा!"

"मला दावा की."

"आता नाय. त्या दिवशी बघ, समद्यांसंगं."

फोटोवर पेन्सिल फिरवून डाग-खोचा बुजवायची फोटोवाल्यांची सवय असते. सहादूने ती मोडली. एक ठिपका बदलला तरी ढुंढिराज म्हणणार, रंगवलाय. त्यामुळे जे होतं ते तसंच ठेवलं, आणि ओला कागद भिंतीकडे तोंड करून वाळत घातला. दुसऱ्या दिवशी सुताराकडे प्लायवूडवर चिकटवून घेतला. साडेचार फूट लांब, चाळीस इंच उंच.

मंडळाचं प्रदर्शन डिसेंबरात शालिमारजवळच्या एका सभागृहात भरलं. प्रमुख आकर्षण 'भूक', हारासकट. रविवारी सकाळी सहादूने फाटकासमोर हातगाडी उभी केली, फोटो तिच्यावर उभा टेकवला, दोरीने आवळला आणि ताडपत्री ओढून काढली.

पहिली पाच मिनिटं लोक फाटकातून नुसते आत जात राहिले. मग एका शाळामास्तरांनी जवळ जाऊन बघितलं आणि त्यांना खोकल्यासारखं हसू फुटलं. "अहो, हे गर्गे ना? तोंडात काय धरलंय?" दहाची वीस माणसं झाली, विसाची साठ. लोक आत जायचे, पदकवाला फोटो बघायचे, बाहेर येऊन हा बघायचे. तीच बाई, तीच खडी, तोच हात कपाळावर. आणि फोटो काढणारा म्हणवणारा गृहस्थ फोटोतच, वळू खुंट्याला बांधावा तसा चादरीला दातांनी बांधलेला. वेणीमाधव आले, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. सहादू म्हणाला, "तुमचा मेव्हणा हाय का बघा." सारं फाटक हसलं.

ढुंढिराज बाहेर आला. ज्यांच्या मुंजी-लग्नांचे फोटो त्याने काढले होते, तीच माणसं त्याच्याकडे बघून पदराआड, रुमालाआड हसत होती. त्याचे कान लाल झाले. "कॅमेरा माझा होता," तो म्हणाला. "फिल्म माझी होती."

"आन् चादर कुणाची व्हती, मालक?"

ढुंढिराज एक पायरी मागे सरकला. कुणीतरी ओरडलं, "मग फोटो काढला कुणी?" आणि दुसऱ्या कुणी उत्तर दिलं, "या हातगाडीवाल्याने!" सहादूचं दोन वर्षांचं पित्त त्या एका वाक्याने शांत झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता एकच राहिलं होतं. त्याने गोरक्षाला चांगुणाला आणायला धाडलं होतं, नवं लुगडं नेसवून. फोटोशेजारी ती स्वतः उभी राहिली की पुराव्याला तोंड फुटेल.

ती आली तेव्हा गर्दीने वाट दिली. "ही बघा," सहादू ओरडला, "ही माझी बायको. हीच ती. विचारा हिला, हाक कुणी मारली!"

चांगुणा फोटोपुढे उभी राहिली. लोकांनी बघितली ती फोटोतली बाई आणि समोरची बाई. बघता बघता एका तरुणाची नजर फोटोतल्या वर उचललेल्या हाताखाली गेली, तिथून चांगुणाच्या खांद्याखाली आली, आणि त्याने चटकन मान फिरवली. सहादूने तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चोळी काखेपासून खाली वीतभर फाटली होती. आत जे दिसायला नको ते दिसत होतं, खरं-खरं, जवळजवळ माणसाच्या मापाचं. पेपरात तिथे नुसता राखी डाग होता. तळहाताएवढ्या प्रिंटमध्ये टाचणीएवढी रेघ होती.

चांगुणा सभागृहात गेली. हार घातलेल्या फोटोपुढे थोडा वेळ थांबली आणि परत आली. सहादू तिच्या मागोमाग आत जाऊन आला होता. आतल्या फोटोत चोळी सरळ होती. बायकांच्या फोटोत पदर-चोळी ठाकठीक करून द्यायची ढुंढिराजाची जुनी सवय. त्याने बारीक पेन्सिलने एकेक धागा भरावा तशी ती फट बुजवली होती. काम इतकं सुबक की सहादूसारख्यालाही जोड सापडेना.

"चांगुणा," तो म्हणाला, "मला दिसलंच नाय गं."

"दोन वर्सं भिंगातनं बघत व्हते तुमी." तिचा आवाज चढला नव्हता, पण पुढच्या चार माणसांना ऐकू गेला. "तवाच मी सांगत व्हते डोळ्यानं, आत्ता नका काढू म्हणून. दुसरी चोळी धुऊन झाडावर वाळत व्हती. म्हणले असते तं घालून आले असते. तुमी हाक मारली आन् फुगा दाबला."

"मालकानं चोरला फोटो..."

"चोरला. चोरच हाय तो. पर चोरानं माझं अंग झाकलं. तुमी नवरा, तुमी मोठं करून गाडीवर लावलं, आन् वर मलाच बोलावलं शेजारी उभं ऱ्हायाला."

गर्दीतलं हसू बंद झालं होतं. ढुंढिराज पायरीवर तसाच उभा होता. सहादूने गाडीखालून ताडपत्री ओढली आणि फोटोवर टाकायला लागला. पण चांगुणाच्या खांद्याला लागूनच मालक होता. ताडपत्री पुरती टाकली तर मालकही झाकला जाणार. सहादूचे हात आपोआप थबकले. त्याने ताडपत्रीची दुहेरी घडी घातली, ती चांगुणावर बसवली, कड सरळ केली, आणि मालकाचे दात उघडे राहताहेत ना, हे मान तिरकी करून बघितलं.

चांगुणा ते बघत होती. तिने नव्या लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला.

"ऱ्हाऊ द्या त्याला उघडा," ती म्हणाली. "तेवढ्यासाठीच केलं ना समदं."

आणि ती गोरक्षाला न घेता एकटीच द्वारकेकडे चालू लागली. सहादू दोरीचं टोक हातात धरून तिथेच उभा राहिला. बाजूने कुणीतरी विचारलं, "काय हो, झाकता का? आमचं बघून व्हायचंय." मग त्याने घडी उलगडली आणि ताडपत्री सगळ्या फोटोवर ओढली, मालकासकट, चादरीसकट, वरपासून खालपर्यंत, आणि चारी कोपरे बांधले. पण तोवर चांगुणा शालिमारचा चौक ओलांडून गेली होती, आणि हे तिने बघितलं नाही.